गुरुवार, दुपार

एकोणीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
पासपोर्टांची कोरी पानं तपासते.
बोट फिरवलं की कळतं कुठे शाई जड पडलीय.
माझा स्वतःचा या मार्चमध्ये आला, पोस्टाने,
मी आधी त्याची शिवण बघितली,
मग फोटो.

जायचंय पेनांगला. चार रात्री.
ठरवलं ऋत्विजने,
दहावीचा शेवटचा पेपर देऊन बूट काढता काढता.
या पोराची जीभ म्हणजे एक प्रकरण आहे.
मखमलाबादच्या मिसळीत यंदा मसाला दुसऱ्या कुणी कांडलाय
हे त्याने पहिल्याच घासाला सांगितलं,
तेही मोठ्याने.
मालक गल्ल्यावरून उठून आला.
"बरोबर आहे पोरा. आई गेली माझी दिवाळीत."
त्यानंतर ऋत्विजने दोनदा तर्री मागून घेतली
आणि पापडाचा तुकडासुद्धा ताटात ठेवला नाही.

तर आता रोज रात्री टेबलावर वही.
अकरा जेवणं, पोट एक,
आणि माझ्या पीएफमधून काढलेले पैसे.
मी विचारते, रांग किती असते तिथे?
तो म्हणतो, रांग आहे म्हणून तर.
तेराव्या मजल्यावरचं एक हॉटेल होतं, सात पदार्थ एकामागून एक,
भाव बघून मी फक्त चष्मा पुसला.
ते त्याने स्वतःच खोडलं:
"सगळे ताटाचे फोटो टाकतायत, आई,
खाताना एकाचाही नाही."
राहिला तो कोळशावर नूडल्स परतणारा म्हातारा,
मनात आलं तरच गाडी लावणारा.
राहिलं चिंचेच्या पाण्यातल्या माशाचं सूप.
"हे आंबट कटाच्या आमटीसारखं असेल की कैरीसारखं?"
फोटोवरून मी काय सांगणार, बाबा?

मग काल एकदम:
"आणि तुला काय खायचंय?"

मला काहीही चालेल, म्हटलं.
त्याने लिहिलं: काहीही.
त्यावर फुली मारली.
"हे मेनूत नसतं."

सासऱ्यांना भाकरी पातळ लागायची.
याच्या बाबांना तिखट सोसायचं नाही,
तेव्हा घरात आमटीची दोन पातेली असत, आता एकच.
याला कोथिंबिरीचे देठ हवे, पानं नकोत.
सगळ्यांचं पाठ आहे मला.
माझ्यावर कधी प्रश्नच आला नव्हता.

मी भांडी घासली. ओटा पुसला. परत पुसला.
मग आठवलं.

त्र्यंबकची एसटी तळेगावच्या अलीकडे बंद पडली होती.
मी बारा वर्षांची, अण्णा सोबत,
त्यांच्या खिशात माझा शाळेचा दाखला.
रस्त्याकडेला एक हॉटेल, शटर अर्धं खाली,
आत आचारी एकटाच जेवायला बसलेला.
विकायला काही उरलं नाही म्हणाला,
आणि स्वतःचं ताट तीन ठिकाणी केलं.
मसुराची उसळ. गार भाकरी. बुक्कीने फोडलेला कांदा.
पैसे घेतले नाहीत.
पुढे कितीदा गेले त्या रस्त्याने,
ते हॉटेल काही दिसलं नाही. पाटी होती की नव्हती, तेही आठवत नाही.

ऋत्विज मिसळीच्या वेळेसारखा गप्प ऐकत होता.
"मसूर अख्खा की डाळ?"
अख्खा.
"लसूण वाटून की फोडणीत?"
मी डोळे मिटले.
फोडणीत. जरासा करपलेला.

साडेअकराला त्याने मोबाईल माझ्याकडे सरकवला.
तिथे डाल्चा म्हणून काही मिळतं, भातावर ओततात,
तमिळ मुलखातून गेलेल्या लोकांनी तिकडे नेलेलं.
"मसूर असतो की नाही नक्की माहीत नाही. पण विचारू."
आणि वहीत, माझ्या नावापुढे:
गुरुवार, दुपार.

आज पहिली पाळी.
गेटवर झडती घेणारी सुमित्रा रोजच्यासारखं विचारेल,
काही आहे का सोबत?
नाही म्हणेन. रोजच्यासारखंच.
जिभेवर करपलेला लसूण असेल थोडा,
तो काही तिला सापडायचा नाही.